वखारीतला उंचवटा

३ फेब्रुवारी
बेळगावहून निपाणीत आले! आर्किटेक्ट म्हणून माझं पहिलंच स्वतंत्र काम. परशराम अण्णांच्या जुन्या तंबाखूच्या वखारीचं मंगल कार्यालय करायचंय. वखारीत पाय टाकला नि ओळीनं सात शिंका आल्या. झाडलोट करणाऱ्या मालुबाई हसल्या. म्हणाल्या, तंबाखू भिंतीत मुरलीय, पोरी, सवय व्हईल.

५ फेब्रुवारी
लेझर स्कॅनर तिपाईवर ठेवून वखार मोजली. लाखो ठिपके जोडून संगणकावर हुबेहूब पृष्ठभाग उभा राहतो, पोपडासुद्धा दिसतो. जमीन मात्र चमत्कारिक. डोळ्यांना सपाट कोबा, मॉडेलमध्ये भिंतीशी उंचवटा. खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे.

६ फेब्रुवारी
मालुबाईंना दाखवलं. त्यांनी पडद्यावरच्या खांद्याला बोट लावलं. ही राजाबाई, म्हणाल्या, इथं तंबाखू निवडायला यायची. एकोणीस वर्षांमागं भिंत पडली, ती ढिगाऱ्याखाली अडकली. कण्हत होती. बोभाटा नको म्हणून अण्णांनी तिच्यावरच कोबा ओतला आणि ती कोल्हापूरला पळाली अशी आवई उठवली.
अण्णांना विचारलं. शांतपणे म्हणाले, "मशीन चुकतंय तुझं. सपाट कर, न्हायतर बेळगावची गाडी धर."
मी मॉडेलमधला उंचवटा सपाट केला. एक कळ दाबली, बस्स.

७ फेब्रुवारी
उंचवटा परत आलाय. गुडघे आता सरळ. दाराकडं सरकलाय. पुन्हा पुसला.

८ फेब्रुवारी
भर दुपारी नवं स्कॅन. मॉडेलमध्ये ती उभी आहे. प्रत्यक्ष वखारीत अण्णा नेमके तिथंच, तिच्यापुढं, फोनवर हसत— मी हाक मारायला हवी होती. मारली नाही.

९ फेब्रुवारी
अण्णा गेले. वखारीत सापडले. नाकातोंडात सिमेंट, घट्ट झालेलं. मालुबाईंनी सांगितल्यावर पोलिसांनी कोबा फोडला. आत बाईच्या आकाराची पोकळी. रिकामी. मालुबाईंनी हात जोडले. खोटं का लिहू, मलाही बरं वाटलं.

१० फेब्रुवारी
उंचवटा पुसल्याचं मालुबाईंना सांगितलं. आज त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदा अण्णानं गाडली तिला. दोनदा तू."

११ फेब्रुवारी
दुपारच्या बसनं जाणार. बॅग भरली—
खोलीतली फरशी मऊ लागतेय. ओली—
पाय निघत नाही. घोट्याला बोटं— थंड, खरबरीत—
मालुबाई दारात आल्यात. हाक मारतेय. हात देईनात. नुसत्या बघतायत—
गुडघ्यापर्यंत— आता कंब—