मरणावर मिटू नये

बुधवार, दिवेलागण

सगळ्यात आधी आली इथल्याच राजाजीनगरची कानडी पल्लवी. चप्पल काढायच्या आधीच म्हणते, "अज्जी, स्वल्प कॉफी!" स्वल्प म्हणजे थोडीशी. मागून नागपूरचा रोहन. आमच्या नातीची, मुग्धाची, ही ऑफिसातली मंडळी. घर भरलं की मला काय बरं वाटतं! तिघं मिळून ती लढाईवरची जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचतात, मुग्धा मला मराठीत सांगत जाते. गोष्ट सगळी उलटसुलट, मागचं पुढे, पुढचं मागे. आज त्यातला शिपाई खंदकात मेला. पोरांनी पुस्तक मिटलं आणि चिवडा मागितला. मीठ जास्त पडलं होतं, तरी सगळा संपवला.

मी म्हटलं, "मरणावर मिटू नका रे. पुढचं थोडं वाचा."

रोहन हसला. "आजी, ही काय पोथी आहे?"

आई पोथी वाचायची. मरणाचा अध्याय आला की पुढच्या चार ओव्या वाचूनच बांधायची. दादा लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली, तेव्हा ती नेमकी तशाच अध्यायाशी होती. तिथेच पोथी मिटली, पुन्हा कधी उघडली नाही. दादा आला नाही. त्यामुळे का? नसेल. पण मिटायला नको होती.

हे पोरांना कुठे सांगू? मी नुसती हटून बसले. शेवटी मुग्धाने पान उलटलं, तर शिपाई जिवंत! आदल्या दिवशीची सकाळ निघाली. अर्ध्या गालाला साबण लावून दाढी करतोय, गुणगुणतोय. दादाही दाढी करताना असाच...

मीच म्हटलं, "बास, आता मिटा."

पोरं रविवारी येतो म्हणाली. तोवर त्याची दाढी चालू दे.