उखळाची हाक

रनाळे, मंगळवार, १२ डिसेंबर १९६१

जिंकले! दोन्ही पिल्लं राहणार, काळं आणि तांबडंही.

सकाळपर्यंत माझंच मन डळमळत होतं. दोन्ही जन्मापासून बहिरी. मी वेड्यासारखी दारातून 'यू यू' करत राहते आणि ती मान वळवतील तर शपथ! सासूबाईंनी निकालच दिला होता, "एकच ठेव माय, दुसरं सोडी दे. बहिरं कुत्रं काय राखण करी?" सोडायचं म्हणजे बाजारच्या रस्त्यावर, आणि मालट्रकचा भोंगा त्याला कसा ऐकू येणार? पण दोन्ही ठेवली आणि ती एकमेकांतच रमली, माझ्याकडे बघेनाशीच झाली तर?

आज दुपारी सासूबाईंनी अंगणातल्या उखळात मिरची कांडायला घेतली. मुसळाचा पहिला ठोका पडला आणि ओट्याखाली झोपलेलं काळं ताडकन उठलं. जमीन हादरते ते त्याला पायांत कळतं! तांबडं लांब, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ. तिथवर हादरा पोचला नसावा. काळ्यानं धावत जाऊन त्याचा कान ओढला आणि दोघं मिरचीच्या खकाण्यात शिंकत आमच्या पायांशी हजर! म्हणजे एक दुसऱ्याचा कान झालं की. आता कुणाला सोडायचं?

सासूबाई कांडलेली मिरची सुपात भरून आत गेल्या. पण आत्ता, दिवेलागणीला, पुन्हा मुसळाचा आवाज आला म्हणून मी डोकावले. त्या एकट्याच कांडत होत्या, तोंडानं 'यू यू' चालू. उखळात मिरचीचं एक बीसुद्धा नव्हतं.