न प्यायलेली कॉफी

१५ सप्टेंबर

आज माझ्या भाषांतराने अख्ख्या गावाची फजिती केली. नाही — खरं लिहायचं तर फजिती आधीच झाली होती, मी ती फक्त दोन भाषांत केली.

चार दिवसांपूर्वी आमची जमीन बळकावून टेकडीवर वसलेले वसाहतवाले खाली उतरले आणि काकांची पिकअप जाळून गेले. चुलतभाऊ मुनजिद आडवा गेला, त्याच्या डोक्याला सहा टाके. म्हणून आज कॉन्सल आले. हॅगलुंड नाव, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाचे, नाक उन्हाने सोललेलं. घरात शिकलेली पहिली आणि एकटी मी, तेव्हा गावपरिषदेची दुभाषीही मीच. काका परिषदेचे अध्यक्ष. लग्नातला कोट घालून बसले होते.

वेलदोड्याची कॉफी फिरली. हॅगलुंडनी कप घेतला, हसले, आणि न पिता समोरच्या स्टुलावर ठेवला. वही काढायला!

आमच्याकडे पाहुण्याने भरला कप असा खाली ठेवला, की त्याला काही मागायचं असतं — मुलीचा हात, नाहीतर खुनाची माफी. यजमान "दिलं" म्हणेपर्यंत तो घोट घेत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खून कुणाचा झाला नव्हता, आणि घरात लग्नाची मुलगी मीच!

काकांनी घसा खाकरला. "प्या साहेब. जे मागायला आलात, ते दिलं."

मी शब्दशः सांगितलं. मी नेहमी शब्दशःच सांगते.

हॅगलुंड गोंधळले. "मी फक्त ऐकायला आलोय."

"दिलं!"

"आणि आमची चिंता व्यक्त करायला."

"तीही दिली! प्या आता, गार होतेय."

ते प्यायले, तेव्हा कुठे मुनजिदने श्वास सोडला. आणि मी.

गाड्या गेल्यावर आजी म्हणाली, "मागायचं काही नव्हतं, द्यायचं काही नव्हतं. मग आला कशाला हा?"

मी हॅगलुंडना कपाचा अर्थ समजावून सांगायला हवा होता का? दुभाष्याचं ते काम आहे की नाही? दिवसभर तेच डोक्यात.

१९ सप्टेंबर

हॅगलुंडच्या कार्यालयाचं निवेदन आलं. "गंभीर चिंता." काकांनी छापून घेतलं आणि झुहदीच्या किराणा दुकानाच्या काचेवर लावलं.

"अभिनंदन, अबू राजिह," झुहदी काकांना म्हणाला. "गंभीर!"

"नुसती चिंता नाही," काका म्हणाले.

"पण पलीकडच्या गावाला 'तीव्र निषेध' मिळाला म्हणे."

"त्यांची तीन घरं जळली, झुहदी."

"हां, तेही खरंच. एका पिकअपमध्ये एवढंच बसणार."

तिसऱ्या ओळीत आमच्या गावाऐवजी पलीकडच्या गावाचं नाव आहे. त्यांचंच निवेदन घेऊन नाव बदललंय, एका जागी बदलायचं राहिलंय. काकांना सांगावं का? इतके खूश होते! — सांगितलं. त्यांनी ते नाव पेनने खोडलं, वर 'बैत सुम्माक' लिहिलं आणि परिषदेचा शिक्का मारला. आता म्हणे ते जास्त अधिकृत झालं.

२८ सप्टेंबर

आज एकाच दिवशी शिष्टमंडळांच्या अकरा गाड्या. पिकअप अजून गल्लीच्या तोंडाशी आडवी. काढायची नाही, अजून दोन शिष्टमंडळं यायची आहेत. ट्रॅक्टर मात्र मशिदीला वळसा घालून जातो. आमच्या तांबड्या कोंबडीने ड्रायव्हरच्या जळक्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केलीय.

एक राजदूतबाई पिकअपच्या खिडकीतून कोंबडीकडे वाकल्या. "हल्ल्याच्या वेळी ही इथेच होती का?"

मी काकूला विचारलं. काकू म्हणाली, "सांग, होती. सगळ्यात आधी तीच ओरडली."

सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मग मला राहवेना, पुढे जोडलं — "असं माझी काकू म्हणते." काकू अजून माझ्याशी बोलत नाही.

५ ऑक्टोबर

वसाहतीला लागून असलेल्या आमच्या रानात जैतूनची, म्हणजे ऑलिव्हची, फळं तोडायला लष्कराने दोन दिवस दिलेत — २१ आणि २२. बास! बेचाळीस झाडं, दोन दिवस. गेल्या वर्षी पहिल्याच सकाळी मार खाऊन परतलो. काकांचा हात तेव्हाच मोडला. फळ झाडावर वाळलं, वर्षभर तेल विकत आणलं, आणि आजीने त्या तेलाला वर्षभर नावं ठेवली.

परदेशी माणूस नुसता उभा असला तरी दगड कमी पडतात. हे इथे लहान पोरही सांगेल.

आजी म्हणाली, "त्या सोललेल्या नाकाला बोलाव. तोडायला नको म्हणावं. उभा राहिला तरी पुरे."

पत्र पाठवलं. तीनदा तपासून.

९ ऑक्टोबर

उत्तर आलं — "आपल्या विनंतीची सकारात्मक नोंद घेतली आहे."

"येणार का?" आजी.

"नोंद घेतलीय."

"तो येणार का ते विचारतेय मी, पोरी!"

सोबत आमंत्रणही आहे. रामल्लातल्या त्यांच्या कार्यालयात, पीडित कुटुंबांचं म्हणणं ऐकून घ्यायला बैठक. आजी म्हणते, "मीही येणार."

१२ ऑक्टोबर

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

लष्कराच्या तपासणी नाक्यावर दोन तास अडकलो. आजीने भरतकामाचा काळा झगा घातलेला, जो ती फक्त लग्नाला आणि मयताला घालते. कार्यालयात काचेचं टेबल, गार हवा, बारीक बिस्किटं. कॉफी आणली ती तिथल्या शिपायाने, आपल्याच हेब्रॉनच्या अबू शुक्रींनी — पांढऱ्या मिशा, हातमोजे.

आजीने कप घेतला आणि समोर ठेवला.

मी तिच्याकडे बघितलं. ती भिंतीवरच्या बर्फाच्या चित्राकडे बघत होती.

हॅगलुंडनी प्रस्तावना केली. आजी प्यायली नाही. सेक्रेटरीबाईंनी साखर पुढे सरकवली. मग चहा आणवला. मग संत्र्याचा रस, मग पाणी. आजीने सगळं ओळीने मांडून ठेवलं. एवढं मोठं मागणं मी कुठल्या लग्नातही पाहिलेलं नाही!

"यांची तब्येत बरी नाही का?" बाईंनी विचारलं.

दाराशी अबू शुक्रींचा चेहरा पांढराफटक झाला होता. ते पुढे आले आणि हॅगलुंडच्या कानाशी लागले. हॅगलुंडचं नाक होतं त्याहून लाल झालं. त्यांना बहुतेक १५ सप्टेंबर आठवला.

"काय हवंय त्यांना?"

"एकवीस तारखेला तुम्ही," मी म्हणाले. "सकाळी सातला. झाडांपाशी."

"आम्ही सर्व शक्यता पडताळून—"

मी शब्दशः सांगितलं. आजीने कप आणखी दोन बोटं पुढे सरकवला.

"मला राजधानीत विचारावं लागेल."

"विचार म्हणावं, बाळा," आजी म्हणाली. "माझी कॉफी कुठे पळत नाही."

त्यांनी खरंच फोन केला! तिथे कुणी जेवायला गेलेलं, कुणी रजेवर. तासभर आम्ही बसलो. लाजेने माझी मान वर होईना. अबू शुक्री दाराशी हात बांधून उभे — दोन्ही घरचे असल्यासारखे.

शेवटी हॅगलुंडनी फोन ठेवला, कपाकडे बघितलं. "मी येईन," ते म्हणाले. कसलंही जर-तर नाही. मी दोनदा विचारून खात्री केली.

आजीने एका दमात कप संपवला. "गार, आणि वर वेलदोडा नाही," बाहेर पडताना म्हणाली. "पण माणूस वाईट नाही."

१७ ऑक्टोबर

पत्र आलं. "कॉन्सल यांचा प्रवास सुरक्षेच्या अंतिम आढाव्याच्या अधीन राहील."

आजीने विचारलं, "काही आलं का गं?"

"नाही."

घरात खोटं भाषांतर मी कधी केलं नाही. आज भाषांतरच केलं नाही.

२० ऑक्टोबर

चौघांनी ढकलून पिकअप बाजूला केली. कोंबडीने निषेध नोंदवला. तीव्र!

ताडपत्र्या, शिडी, बादल्या अंगणात मांडून ठेवल्यात. आजीने आजोबांची गवती हॅट झटकून खुंटीला टांगलीय. "त्या बिचाऱ्याचं नाक उन्हात पुन्हा सोलेल," म्हणाली.

मी पत्राचं सांगणार होते. हॅट बघितली आणि गेले पाणी भरायला. उद्या निघायच्या आधी सांगेन. नक्की.

२१ ऑक्टोबर, सकाळी साडेसहा

हॅगलुंड अजून आलेले नाहीत. फोनवर कार्यालयाचं निवेदन आलंय — "बैत सुम्माक येथे जैतून तोडणाऱ्या कुटुंबांवर आज झालेल्या हल्ल्याचा आम्ही तीव्र निषेध करतो." गावाचं नाव या वेळी सगळीकडे बरोबर आहे.

आम्ही अजून अंगणातच आहोत.

काका खाली बसले. मी आजीला पत्राचं सांगितलं, मग निवेदन वाचून दाखवलं. शब्दशः.

"जखमी किती म्हणतात?" तिने विचारलं.

"आकडा नाही, आजी. तेवढी जागा मोकळी सोडलीय."

"मोकळीच राहू दे," ती म्हणाली. गवती हॅट स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि शिडीचं एक टोक उचललं. दुसऱ्या टोकाला मी आहे.