डाव्या हाताची रेघ

मु. पो. मूल,
ता. १९ नोव्हेंबर २०२४

चि. रंजीता,

जयभीम. तुला आणि राजदीपरावांना आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. धान कापून झालं, राइस मिल दिवसभर सुरू असते आणि कोंडा उडून माझ्या खेळण्यांच्या ओल्या रंगावर बसतो. तुझी आई तिच्या गुडघ्यांवर आणि माझ्यावर सारखीच चिडते. तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली, तू एकदाही आली नाहीस. कोणी विचारलं की ती म्हणते, सिरोंचा का जवळ आहे? मी मान हलवतो.

मी थकलो गं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण थरथरत्या हाताचं कुठे होतं? छोट्या रेल्वे लाइनचे रिटायर ड्रायव्हर, नागपूरचे आपले गुणवंतराव, त्यांनी दहावं खेळण्यातलं इंजिन मागितलं. पत्रू सुताराने सागवानाचं झकास करून दिलं. हिरव्यावरची पिवळी किनार या वेळी मी ओढली. तोच खारीच्या केसाचा ब्रश, करंगळी टेकवून, श्वास धरून. पंधरा दिवस लागले.

परवा गुणवंतराव दहाही इंजिनं घेऊन घरी आले. म्हणाले, "बापूराव, हे तुमच्या हातचं नाई. जुन्या नऊंची रेघ डाव्या हाताची आहे, उजव्या टोकाले सुरू होते. हे नवं कोणाकडून करून घेतलं?"

दहातलं एकच माझं, आणि तेच खोटं ठरलं. हसू की रडू?

माझी अक्कल बघ. मी म्हटलं, अहो, मी डावखुराच आहे. आणि चहा आला तशी बशी डाव्या हातात धरली. अर्धा चहा पायजम्यावर. तुझी आई दारातून ओरडली, "काऊन जी, डाव्या हातानं पिऊन राह्यले? लकवा मारला का?"

गुणवंतराव हसले नाहीत. मग मी सांगून टाकलं, "पोरगी करत होती. ते डावखुरी आहे."

त्यांनी एक इंजिन उलटं केलं. "मंग तिचं नाव कुठी आहे?"

खाली माझं नाव होतं. नऊंच्याही.

नवव्याखाली तू बारीक अक्षरात आपलं नाव घातलं होतंस. मी ते टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलं आणि माझं लिहिलं. पोरीचं काम म्हटल्यावर गिऱ्हाईक नाक मुरडेल, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगू? मला हेवा वाटला. उजव्या हाताने लिही म्हणून लहानपणी तुझ्या ज्या हातावर मी पट्टी मारली, तोच हात माझ्या पुढे गेला. तू दारात उभी राहून पाहिलंस. आईला हे मी काल सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

गुणवंतराव इंजिनं इथेच ठेवून गेले. नाव नीट करून द्या म्हणाले. काल नऊंखालचं माझं नाव पुसलं आणि तुझं लिहायला बसलो. पहिल्याच अक्षराला हात हलला, रंग ओघळला, परत फडकं घ्यावं लागलं. म्हणजे तुझं नाव मी दुसऱ्यांदा पुसलं, पोरी.

ये म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणतो, ये. रागावूनच ये.

चोर, पण तुझाच,
बाप