चौथ्या खोलीची पाळी

१ एप्रिल, मंगळवार

आज रुजू झाले. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली खडू झिजवले, आता माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा आला. मुख्याध्यापिका! मंठ्याच्या पुढं चौदा किलोमीटर, खडकवाकडी, एक्केचाळीस लेकरं, चार खोल्या. शिक्षक दोनच, मी आणि सोमेश्वर सर. ते नारळ घेऊन फाटकात उभे होते. पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की मलाच लाजल्यासारखं झालं.

गंधालीला सोबत आणलंय. माझा नवरा निखिल जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात, त्याची ड्यूटी बारा-बारा तास, पोरीला बघणार कोण? उरलेला महिनाभर ती इथंच तिसरीत बसेल. निखिल कुरकुरला. म्हटलं, झेडपीच्या मुख्याध्यापिकेची पोर झेडपीत नको तर कुठं? द्वारकाबाईंच्या घरात खोली भाड्यानं मिळाली. संध्याकाळी त्यांनी पिठलं-भाकरी पाठवली, गंधाली बोटं चाटून जेवली. मी आज बिलकुल खूश आहे.

३ एप्रिल, गुरुवार

टेप आणि तपासणीचा तक्ता घेऊन अख्खी इमारत पालथी घातली. मुलींच्या संडासाला कडी नाही. हात धुवायचे नळ पाच, पाणी दोनालाच. आग विझवायच्या नळकांड्याची मुदत तीन वर्षांपूर्वी संपली, अन् त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. टाकीला झाकण नाही, मुख्य स्विचच्या डबीतून तारा लोंबून राह्यल्यात. पहिल्या खोलीला पत्रे, सकाळी नऊलाच भट्टी. दुसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत तिरपी भेग, माझं बोट आत जातं. आणि त्याच भिंतीला पाठ टेकून पहिली-दुसरीची अठरा लेकरं बसतात! भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवून आले. पट्टी तडकली तर भिंत हलतेय असं समजायचं, प्रशिक्षणात शिकवलंय.

तिसऱ्या खोलीत कार्यालय. आणि चौथी? बघत राहावी अशी. स्लॅब पक्का, कुठं ओरखडा नाही, खिडक्या समोरासमोर, एप्रिलात आत गारवा. तिथं एकही लेकरू नाही. मधोमध सतरंजीवर उषाबाई नावाची बाई मांडी घालून लसूण सोलत बसलेली. शेजारी पाण्याचा तांब्या, भाकरीचं फडकं. विचारलं तर म्हणे, आज आमच्या घराची पाळी. कसली पाळी? त्यावर तिनं लसणाचा पुढचा गड्डा फोडायला घेतला. सोमेश्वर सरांना विचारलं तर त्यांना अचानक पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा आठवला.

५ एप्रिल, शनिवार

रोज नवं माणूस. काल उषाबाईंच्या जागी राजानंद नावाचा पोक्त शेतकरी, आज दुसऱ्या घरची सून प्रिया, मोबाईल बघत. दाराच्या आत गावातल्या घरांची यादी चिकटवलेली आहे, विहिरीच्या पाण्याची असते तशी. सकाळच्या घंटेला दुसरा येतो, बसतो, मंगच पहिला उठतो. चोवीस तास तिथंच जेवण, तिथंच झोप. दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा! अठरा लेकरं फुटक्या भिंतीखाली आणि धडधाकट माणसं गारव्याला लोळतात, अन् याला नाव पाळी. माझं डोकं फिरलं. सोमेश्वर सरांना म्हटलं, तुम्ही सात वर्षं हे बघत बसलात? ते म्हणाले, म्याडम, मी बघत न्हाई.

८ एप्रिल, मंगळवार

काचेची पट्टी तडकली. लगेच शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली. अध्यक्ष काकासाहेब, सत्तरीचे, पांढराशुभ्र पोशाख, चाळीस एकरांचे धनी. मी सांगितलं, पहिली-दुसरी उद्यापासून चौथ्या खोलीत, आणि पाळीवाल्यांनी घरी बसायचं.

मंग काकासाहेबांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पंचवीस वर्षांपूर्वी पट कमी होता, म्हणून नवी खोली मंजूर होईना. तेव्हाचे गुरुजी आणि गावानं मिळून वीस लेकरं कागदावर जन्माला घातली. नावं, बापाची नावं, जन्मतारखा, सगळं बराबर. खोली मिळाली. तपासणी होऊन गेल्यावर ती वीस नावं खोडली आणि खोलीला कुलूप घातलं. सुट्टीनंतर उघडली, तर जे लेकरू पहिल्यांदा आत बसलं ते उठेचना. चार गड्यांनी ओढलं तरी न्हाई. त्याची आजी शेजारी बसली तेव्हा लेकरू सुटलं, पण आजी अडकली. आठव्या दिवशी गावानं पाळ्या वाटून घेतल्या. आजी उठली, पण तिचे पाय पुन्हा चालले न्हाईत. तेव्हापासून खोली एक क्षण रिकामी सोडली न्हाई, म्हणून कुणाला काही झालं न्हाई. ज्या लेकरांच्या नावावर ती बांधली ती लेकरं तिला मिळाली न्हाईत, तर ती तिचं माणूस मागणारच, असं ते म्हणाले.

मी मोठ्यानं हसले. खोटा पट दाखवला याची चौकशी लावू का, असंही बोलून गेले. राजानंद चहा न घेता उठून गेला.

९ एप्रिल, बुधवार

द्वारकाबाईंनी आज भाजी पाठवली नाही. किराणावाल्यानं दूध संपलं म्हणून सांगितलं, माझ्यासमोर दुसऱ्याला दिलं. गंधालीला पोरी खेळायला घेत नाहीत. मी काय चुकीचं बोलले? अठरा लेकरांवर भिंत पडली तर हेच गाव मला दगड मारेल. मी मागं हटणार नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

झालं एकदाचं. आज पाळी कांताबाईंची, पंच्याहत्तरीची म्हातारी. मी सांगितलं, उठा. ती हात जोडून म्हणाली, दुसरं कुणी बसू दे बाई, मंग उठते, तूच बस घडीभर. पोलिसांना बोलावते म्हटलं तरी तेच. शेवटी मी स्वतः दंडाला धरून तिला उभं केलं. उठताना ती रडली, आणि मला उगीच वाटलं की चिखलात रुतलेलं काहीतरी ओढून काढलं. सोमेश्वर सर भिंतीकडं तोंड करून उभे होते.

यादी फाडून टाकली. रंगाऱ्याकडून बाहेरून खिडकीतूनच चुना मारून घेतला, त्यानं आत पाय ठेवायला नकार दिला, नालायक. उरलेला हात मीच उभ्याउभ्या मारला. कुलूप लावलं. रविवार आणि सोमवारची जयंतीची सुट्टी धरून भिंती मंगळवारपर्यंत वाळतील. गावातलं एक माणूस माझ्याशी बोललं नाही. जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे, पण जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार, सकाळी साडेसात

खोली उघडली. सुंदर दिसतेय. शाळेत एकही लेकरू नाही. एक्केचाळीसपैकी शून्य! फाटकाबाहेर मात्र अख्खं गाव उभं आहे, तमाशा बघायला. काकासाहेब हात मागं बांधून उभे.

ठीक आहे. बघा म्हणावं. गंधालीला सगळ्यांसमोर हाताला धरून आत नेलं आणि मधोमध बसवलं. वाच म्हटलं धडा, मोठ्यानं. ती वाचून राह्यली आहे. मी दारात खुर्ची टाकून हे लिहितेय. कुठं काय झालं?

साडेनऊ

तिला शू लागली. ऊठ म्हटलं. ती हसली, म्हणाली, आई, उठताच येत नाही गं. मला वाटलं पायाला मुंग्या आल्या.

मी ओढलं. मी आणि सोमेश्वर सरांनी मिळून ओढलं. तिच्या खांद्यातून आवाज आला, ती किंचाळली, तेव्हा सोडलं. फरशी तिच्याभोवती गरम आहे. ताप आल्यासारखी.

फाटकाशी गेले. पाया पडले, एकेकाच्या. कुणीतरी बसा, माझी एकुलती एक पोर आहे. उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. कांताबाई पुढं आल्या होत्या, त्यांना पोरानं मागं ओढलं. काकासाहेब शांतपणे म्हणाले, म्याडम, पंचवीस वर्षं आम्ही हात जोडूनच बसलो.

पावणेदहा

मी बसले.

गंधू उठली. तिचे पाय चालतात, देवा, चालतात. सोमेश्वर सरांना म्हटलं, जीपनं हिला जल्दी जालन्याला निखिलकडं पोचवा, आणि त्याला काही सांगू नका. ती मागं वळून वळून बघत गेली.

१६ एप्रिल

सकाळची घंटा कुणी दिली नाही. कुणी आलं नाही.

काल निखिलला फोन केला. खोटं सांगितलं, तातडीचं प्रशिक्षण आहे, चार दिवस येऊ नको. खरं सांगितलं तर तो धावत येईल आणि माझ्या जागी बसेल. मला ठाऊक आहे तो कसा आहे. तो बसला तर मंग त्याच्यासाठी मी, माझ्यासाठी तो — आणि पोर कुणाकडं? फोन बंद पडला. तेच बरं.

गुडघ्याखाली काही कळत नाही. मी किती भ्याले आहे हे कुणाला सांगू? लिहिते म्हणून डोकं ठिकाणावर आहे.

१७ एप्रिल

कांताबाईंनी खिडकीतून भाकर टाकली. लपून. पाणी नाही.

दुपारी काकासाहेब खिडकीशी. रागावलेले नव्हते, तेच जास्त — म्हणाले, रात्री गावाची बैठक झाली. पाळी मोडली ती गावानं न्हाई. आता गाव मोकळं. खोली सरकारी, तुम्ही सरकारी. मंग त्यांनी विचारलं, तुमच्या घरात माणसं किती?

मी म्हटलं दोन. मी आणि नवरा.

ते म्हणाले, तीन.

१८ एप्रिल

कमरेपर्यंत काही नाही. माझ्या आजूबाजूला कुणीतरी बसतंय. दिसत नाही. फरशी जागोजागी गरम होते. मोजल्या जागा. वीस —

मोटरसायकल. निखिलच्या गाडीचा आवाज. नको. नको नको. सोमेश्वर सरांनी सांगितलं वाटतं. की तिनंच —

पुढं बसलीय टाकीवर. आणलंय तिला —

ओरडतेय, पण घसा कोरडा, आवाज फुटत नाही. निखिल फाटकाशी काकासाहेबांशी बोलून राह्यला. ते त्याला बोलण्यात गुंतवून — मुद्दाम — ती सुटली त्याच्या हातातून. पळत येतेय. सगळं गाव बघतंय, कुणी अडवत नाही. एकही —

दारात आली. हातानं जा म्हणतेय मी. ती रडतेय. म्हणते, आई, मला माहितीय कसं सुटतात —

गंधू मागं जा. बाबाकडं जा. माझ्याजवळ येऊ नको, राजा, बसू नको, मी ठीक आहे, तू फक्त —

माझे पाय. मला माझे पाय कळून राह्यलेत. मी उभी राहू शक —