कापूस मळकाच पाठव

छत्रपती संभाजीनगर,
५ जानेवारी

चि. प्रणय यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणानं कळवते की या घरातली सुकट संपली. नाताळच्या सुट्टीत येणारा तुझा डबा यंदा आला नाही. तुझे भाऊजी भाकरी मोडतात, ताटाच्या रिकाम्या कडेकडं बघतात आणि घरात कुणी गेल्यासारखे गप्प बसतात. फोन तुझा लागत नाही. बातम्यांत ऐकलं, तुमच्याकडं समुद्रात जहाजातून तेल सांडलं. अरे, माझ्या ओट्यावर आठवड्याला सांडतं. म्हणून मी कुणाचं जेवण थांबवलंय का?

लोभ आहेच, डबा आला की वाढेल.
तुझी,
करुणाताई

खाडीपाडा, जि. रायगड,
९ जानेवारी

आद. ताईस,
सादर जयभीम वि. वि.

फोन तेलाच्या चिखलात पडला, शोधताना मीही पडलो. म्हणून पत्र.

हे तुझं करडईचं तेल नाही. डांबरासारखं काळं इंधन भरतीनं खाडीत आणून टाकलंय. कांदळवनाची झाडं चिखलातून मुळं वर काढून श्वास घेतात. त्या मुळांवरच थर बसलाय. चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मेल्या. तुझी सुकट वाळवते ती आमची शेजारीण आशाबाई. यंदा तिच्या सुकटीला रॉकेलचा वास आला, तिनं सगळी स्वतःच्या हातानं पुरली. साहेब लोक आले, फोटो काढले, आम्हाला टोप्या वाटून गेले.

शाळेमागचा कांदळवनाचा एक तुकडा अजून स्वच्छ आहे. आशाबाईच्या घराला आता तेवढ्याच चिखलाचा आधार. अठरा तारखेला अमावास्येचं उधाण. तेल तिथंही शिरेल. कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो आणि तेल तेवढं पितो. माझ्या उशीवर प्रयोग झाला; सध्या उशाला भूगोलाचं पुस्तक आहे. जुन्या जाळ्यांत कापूस भरून त्या तुकड्याच्या तोंडाशी आडवा बांधू. पैठणच्या तुझ्या दिरांकडून मिळेल तेवढा पाठव.

कृपा असावी, उशी नसली तरी.
तुझा,
प्रणय

ता. क. दरवर्षीचे डबे आशाबाईचे आहेत. एकही परत आला नाही, असं ती फार गोड आवाजात म्हणाली.

छत्रपती संभाजीनगर,
१३ जानेवारी

चि. प्रणय यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर कापूस धाडलाय. पैठणहून गोण्या आल्या आणि उघडून बघते तर पानांचा चुरा, धूळ, रंग पिवळट! असला माल कोकणात पाठवायचा म्हणजे मराठवाड्याचं नाक कापायचं. सोडा टाकून उकळला, पिळला, गच्चीवर वाळवला. शेजारची तनुजा विचारून गेली की घरात बाळंतपण आहे का. समुद्राचं आहे, असं सांगितलं.

डब्यांचं बघते. घर मोठं आहे.

लोभ पांढराशुभ्र राहो.
करुणाताई

खाडीपाडा,
१५ जानेवारी

आद. ताईस,
सादर जयभीम.

बुडाला. उकळताना कापसाच्या अंगचं मेण गेलं. तो तेल सोडून पाणी प्यायला आणि दगडासारखा खाली बसला. सगळ्या बाया काठावर उभ्या होत्या. आशाबाई म्हणाली, तुमची ताई फारच टापटिपीची, कापसालाही आंघोळ घातल्याशिवाय खाडीत सोडत नाही. सगळ्या हसल्या, ती नाही हसली.

तीन दिवस आहेत, म्हणून पत्र त्याच ड्रायव्हरच्या हाती देतोय. मळकाच पाठव, ताई. जितका मळका तितका.

तुझा,
प्रणय

छत्रपती संभाजीनगर,
२१ जानेवारी

चि. प्रणय यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझे भाऊजी काल तिकडून घरी परत पोचले. जाताना गोण्यांवर स्वतः बसून गेले. मला हात लावू दिला नाही. वर मी आमच्या दोन्ही गाद्याही उसवून दिल्या होत्या, त्यामुळं सध्या सतरंजीवर झोपतो. पाठ लई बोलते.

ते सांगतात, कापूस काळाठिक्कर झाला आणि शाळेमागचा तुकडा हिरवाच राहिला; डावी कड तेवढी गेली. त्यांची पँट मी धुतलेली नाही. धुण्यावरचा माझा विश्वासच उडालाय.

निघताना आशाबाईनं त्यांना घरात खायला ठेवलेली गेल्या वर्षीची मूठभर सुकट दिली. वर्तमानपत्रात बांधून. डबा उरला नव्हता म्हणाली.

सोबत तिचे सगळे डबे पाठवतेय. आपल्याकडं रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून ज्वारीचं पीठ, तूरडाळ, सांडगे आणि कारळाची चटणी भरलीय. खाडी सावरेपर्यंत भरत राहीन. एकाचं झाकण सापडलं नाही, फडकं बांधलंय. इतकी वर्षं ते माझ्याच फळीवर होते, हे तिला सांगू नकोस. पोस्टात अडकले होते म्हण.

लोभ असावा, तिचाही.
करुणाताई