दोघांची खाच

प्रिय यशोधरा,

सप्रेम जयभीम.

कोपराची जखम सुकली का? खरं सांग. तुम्हा नर्सबायांना दुसऱ्यांच्याच जखमा दिसतात. आहुप्याच्या वाटेवर, देवराईच्या अलीकडच्या वळणाला गाडी घसरली आणि तू फोनवर काय सांगितलंस, तर "आबा, लसीचा डबा शाबूत हाय." अगं, लसीचं काय घेऊन बसलीस! तिकडं रेंज धड नसते म्हणून हे पत्र सावळारामच्या एस.टी.बरोबर पाठवतोय. तेही खरं, पण दुसरं कारण असं की समोर बसवून काही बोलायला गेलो की तू चहा ठेवायला उठतेस. शाळेतल्या नवनाथ गुरुजींना तू आम्हाला न विचारता लग्नाला नाही म्हणून टाकलंस, त्यावर मला बोलायचंय. पण आधी टायर.

गाडी दुरुस्तीला घरी आली, मागचा टायर बघितला आणि तुझाच राग आला. पार गोटा झाला होता. असल्या टायरवर तू पावसात घाट चढत होतीस? नारायणगावला पप्पूच्या दुकानात गेलो. पप्पू म्हणतो, "आबा, जाड टायर टाका, गाडी लई भारी दिसंल." म्हटलं राव, सुनेला घाटात जायचंय, वरातीत नाही. अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे दुसऱ्याच्या पायातला बूट, वळणाला गाडी नीट झुकत नाही. मग त्यानं मोठ्या गुठळ्यांचा बटन टायर काढला. चिखलात तो बरा, पण ओल्या डांबरावर सरकतो, आणि तुझा घोडेगावपर्यंतचा सगळा रस्ता डांबरी. वर गेल्यावर लाल माती आणि शेवाळ. म्हणून मधला घेतला, खोल नक्षीचा, पाणी बाहेर टाकणारा, गाडीला मुळात होता त्याच मापाचा. आधी दिला तो दुकानात पडून पडून सुकलेला होता. टायरच्या अंगावर तारीख असते, ती वाचली आणि परत केला. पप्पू रुसलाय. रुसू दे. आता तू एवढंच कर, नव्या रबराची चकाकी जाईपर्यंत वळणाला घाई करू नकोस आणि पुढचा ब्रेक कचकन दाबू नकोस. एस.टी.च्या वर्कशॉपात हयात घालवलेल्या माणसाचं ऐकावं कधीतरी.

टायर बसवून धरणाच्या रस्त्यानं एक चक्कर मारली, तर गाडी मागून उडतेच आहे. खड्डा आला की सीट फेकून देते. तू मागं दोन-तीनदा म्हणाली होतीस, मला वाटलं रस्ताच तसा. मग शॉकॲब्सॉर्बर बघितले. मागच्या स्प्रिंगखाली एक कडं असतं, त्याला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. एकट्यानं चालवायची तर खालची खाच, स्प्रिंग मऊ राहते. मागं माणूस बसणार असेल तर वरची, म्हणजे कडक. वजन एकाचं आणि स्प्रिंग दोघांची असली की चाक रस्त्यावर टेकतच नाही नीट, मग टायर सोन्याचा घाल.

तुझ्या वजनाला लावायचं म्हणून आईला गाडीवर बसवलं. म्हटलं, तुमचं दोघींचं वजन सारखंच. तर द्रौपदाबाई उखडल्या. "म्या काय सुनंएवढी जाड हाय व्हय?" अर्धी आळी जमली होती हसायला. मी खाली वाकून कडं बघितलं आणि तसाच बसून राहिलो. आई वरून विचारते, "काय झालं वो?" म्हटलं, कडं दोघांच्या खाचेवर आहे. रविंद्रनंच लावलेलं. तो पुढं आणि तू मागं, असे तुम्ही फिरायचात ना, तेव्हाचं. कावीळ त्याला घेऊन गेली त्याला तिसरं वर्ष लागलं, पण या कड्याला कुणी हात लावला नव्हता. मीसुद्धा नाही.

आईनं सीटवरूनच वाकून कडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी पोर एकटीच जातीय, अन् गाडीला वाटतंय दोघं हायेत."

मी रडलो, पोरी. हातात पाना, समोर आळी, आणि रडलो. रडलो तर रडलो, माझाच पोरगा होता. कडं गंजून बसलं होतं. तेल सोडलं, ठोकलं, पण फिरवायला हात होईना. वाटलं, आपल्या हातानं रविला गाडीवरून उतरवतोय. तेव्हा तुझी सासूच खाली उतरली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "फिरवा आता. त्यो नाय पडायचा, पोर पडंल." फिरवलं. आता चाक रस्त्याला धरून चालतं.

आता नवनाथचं. तो येडगावला आमच्याकडं येऊन गेला, हे तुला सांगितलं नव्हतं. जीपमध्ये कोंबून आला, दारात पाय ठेवला आणि भडाभडा ओकला. मग तोंड धुऊन आधी सांगितलं काय, तर मला गाडी चालवता येत नाही. म्हटलं, हा माणूस खोटं बोलायचा नाही. तू त्याला म्हणालीस म्हणे, "आबा-आईंकडं कोण बघणार?" अगं, आम्ही काय दावणीची जनावरं आहोत, वेळेवर वैरण टाकायला? नवनाथ नको असेल तर नको म्हण, एक शब्द विचारणार नाही. पण आमचं नाव पुढं करून नाही म्हणू नकोस, ते मला सोसायचं नाही. लग्न झालं म्हणून लेक काय परकी होते? दर शनिवारी येतेस तशीच येशील, एक ताट जास्त लावू. आम्हाला तुझं सुख बघायचंय, यशोधरा. तेवढ्यासाठी लिहिलं हे सगळं. या शनिवारी ये आणि गाडी घेऊन जा. सध्या ती तुझ्या एकटीच्या खाचेवर आहे. पाना सीटखाली ठेवलाय. कधी कुणाला मागं बसवावंसं वाटलं, तर कडं वरच्या खाचेवर ने. आता ते अडत नाही, मी मोकळं करून ठेवलंय.

तुझाच,
आबा

ता. क. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं म्हणून आईनं काल बाजारातून एक आणून ठेवलंय. माप कुठून घेतलंस विचारलं, तर म्हणते, "त्यो ओकत व्हता तवा कपाळ कुणी धरलं व्हतं?"